टपालातला आवाज: रेणापूरच्या एका बोलक्या पत्राचा इतिहास

१/ साल २०१२. रेणापूरच्या आमच्या घरी आजी मोबाइल तोंडाशी धरून बोलत होती. "काय करलालास? जेवलास का न्हाई?" फोन लावलेला नव्हता. पुण्यास शिकणाऱ्या दादाने पुन्हा पुन्हा ऐकता येईल असे काही मागितले होते. तो आवाज मी संगणकात उतरवला आणि ई-मेलला जोडून धाडला. गेल्या महिन्यात ती फाईल उघडली, तर ती वाजेना. आजचा धागा त्या न वाजलेल्या पत्राविषयी.

२/ आवाजाचे पत्र ही कल्पना ई-मेलहून फार जुनी. १८७७ मध्ये एडिसनने फोनोग्राफ घडवला. पुढच्याच वर्षी एका लेखात त्याने या यंत्राचे संभाव्य उपयोग मांडले. त्या यादीत पहिला मान संगीताला नव्हता. तो पत्रलेखनाला होता. म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या जन्मदात्याला आपले यंत्र आधी टपालाचे साधन वाटले होते.

३/ प्रत्यक्षात यंत्र गेले गायकांकडे आणि विद्वानांकडे. ग्रियर्सनच्या भारतीय भाषिक सर्वेक्षणाचा मराठीवरील सातवा खंड १९०५ मध्ये निघाला. पुढे या सर्वेक्षणाला जोडून भारतीय भाषांच्या ग्रामोफोन तबकड्याही तयार झाल्या. मात्र निजामाचे हैदराबाद संस्थान मूळ सर्वेक्षणाच्या कक्षेबाहेर राहिले. आपला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता.

४/ संस्थानाचे टपालखाते स्वतंत्र होते, तिकिटेही स्वतंत्र. सरकारी कारभाराची भाषा उर्दू. ज्या मराठी माणसाला अक्षरओळख नव्हती, त्याचे पत्र दुसऱ्याच्या हाताने लिहिले जाई आणि पलीकडे बहुधा तिसऱ्याच्या तोंडून वाचले जाई. या प्रवासात मजकूर पोहोचे. पण बोलणाऱ्याची बोली, तिचा हेल, मधला हुंदका कागदावर उतरत नसे.

५/ १९६३ मध्ये फिलिप्सने छोटी कॅसेट बाजारात आणली आणि एडिसनची कल्पना सामान्यांच्या हाती आली. परदेशी कामाला गेलेल्या माणसांना घरच्यांनी कॅसेट भरून धाडावी, ही रीत अनेक देशांत रुळली. मात्र कॅसेट पोहोचवायला टपाल किंवा जाणारा-येणारा माणूस लागे. आवाज मुद्रित झाला होता, वाहन जुनेच होते.

६/ दुसरीकडे १९७१ मध्ये रे टॉमलिन्सनने दोन संगणकांमध्ये ई-मेल धाडला. पण १९८२ मध्ये ठरलेल्या टपाल-नियमांत प्रत्येक अक्षराला सातच बिट होते, म्हणजे एकूण १२८ चिन्हे. त्यांत इंग्रजी मावत असे. देवनागरी मावत नव्हती आणि आवाजही मावत नव्हता. लक्षात घ्या, आजीची लिपी आणि आजीचा स्वर हे दोन्ही एकाच उंबरठ्यावर अडलेले होते.

७/ बोलके ई-मेल दिसलेच नव्हते असे नाही. १९८८ मध्ये स्टीव्ह जॉब्सने सादर केलेल्या नेक्स्ट संगणकावर पत्रासोबत आवाज धाडता येई. पण ऐकणाऱ्याकडेही तोच महागडा संगणक हवा. ज्या टपालासाठी दोन्ही घरी एकाच कंपनीचे यंत्र लागते, ते सर्वांचे टपाल होऊ शकत नाही.

८/ वाट मोकळी झाली १९९२ मध्ये. नॅथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी 'माइम' नावाचा सार्वजनिक नियम मांडला. त्या वर्षी ११ मार्चला बोरेनस्टाइनने आपल्या गायक चमूचे छायाचित्र आणि त्यांचे गाणे ई-मेलला जोडून धाडले. आज ज्याला आपण सहज 'अटॅचमेंट' म्हणतो, त्याचा प्रारंभ असा आवाजासह झाला.

९/ युक्ती साधी आहे. आवाजाचे दर तीन बाइट घेऊन ते चार साध्या अक्षरांत लिहायचे. टपाल-यंत्रणेला वाटते, हा मजकूरच आहे. वर एक ओळ सांगते, 'हा ध्वनी आहे, अमुक प्रकारचा आहे'. पलीकडचा संगणक ती ओळ वाचून अक्षरांचा पुन्हा आवाज करतो. अशाच दुसऱ्या ओळीने 'हा मजकूर अमुक लिपी-संकेतातला आहे' असे सांगून देवनागरीही त्याच दाराने आत आली.

१०/ या सोयीची किंमत होती. टेलिफोनच्या दर्जाचा आवाज म्हणजे सेकंदाला ८,००० बाइट, मिनिटाला ४,८०,०००. अक्षरांत लिहिल्यावर ६,४०,०००. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. ९,६०० बिट वेगाच्या मोडेमवर मिनिटभराच्या बोलण्याला जवळपास नऊ मिनिटे लागत. म्हणून फाईल लहान करण्याचे तंत्र महत्त्वाचे ठरले.

११/ आजीच्या मोबाइलने 'एएमआर' या रूपात आवाज साठवला होता. ते रूप खास बोलण्यासाठी घडवलेले. मिनिटभर आवाज एक लाख बाइटांहून कमी जागेत बसतो. माइमने पत्र बिनचूक पोहोचवले होते. पण आजचे ब्राउझर ते रूप सहसा वाजवत नाहीत. पोहोचणे आणि वाजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एफएफएमपेग या मुक्त साधनाने मी तिचे 'वेव्ह' रूप केले आणि आजी पुन्हा बोलली.

१२/ आजीला लिहिता येत नव्हते. तिचे 'करलालास' मी लिहून धाडले असते, तर शाळेच्या सवयीने 'करतो आहेस' झाले असते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातील जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या आणि अनेकींचा आवाजही मुद्रित करून घेतला, त्याचे मोल यासाठीच. ज्यांनी काही लिहून ठेवले नाही, त्यांचा दस्तऐवज त्यांचा आवाज असतो.

१३/ शिवाय ई-मेलसोबत तारीख, वेळ आणि धाडणाऱ्याचा पत्ता आपोआप नोंदला जातो. जुन्या कॅसेटवर हे बहुधा सापडत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याला याहून अधिक काय हवे? पण खाते बंद झाले, परवलीचा शब्द हरवला, जागा भरली म्हणून जुने पुसले, की हा पुरावा कसलाही आवाज न करता नाहीसा होतो.

१४/ तेव्हा एवढे करा. जुन्या टपालपेटीत जोडलेले आवाज शोधा. मूळ फाईल तशीच ठेवा, तिची वाजणारी प्रत वेगळी करा, मूळ ई-मेलही उतरवून घ्या. सोबत लिहा: कोण बोलते, कोणत्या गावी, कधी, कोणाशी. सर्वेक्षणाच्या तबकड्या आपल्या आजीपर्यंत आल्या नाहीत. ही नोंद आपल्यालाच करावी लागेल.

धागा समाप्त. तुमच्याकडचा सर्वांत जुना आवाज कोणत्या सालचा, ते अवश्य कळवा.