यँकीजचा सार्वकालिक संघ : आकड्यांच्या कसोटीवर

एखाद्या संघाच्या संपूर्ण इतिहासातून सर्वोत्तम खेळाडू निवडून एक काल्पनिक संघ उभा करणे, हा जगभरच्या क्रीडारसिकांचा आवडता छंद आहे. मुंबईच्या रणजी संघाविषयी असे वाद आपल्याकडेही रंगतात. मर्चंट, गावसकर आणि तेंडुलकर यांना एकाच तराजूत कसे तोलायचे, हा त्यातला कळीचा प्रश्न असतो. अमेरिकेतील बेसबॉलमध्ये या छंदाला संख्याशास्त्राची भक्कम जोड मिळाली आहे. वर्ल्ड सिरीज सर्वाधिक म्हणजे २७ वेळा जिंकणारा न्यूयॉर्क यँकीज हा संघ या अभ्यासासाठी उत्तम उदाहरण ठरतो.

आधी प्रश्न, मग उत्तर

निवडीपूर्वी नियम ठरवावे लागतात. खेळाडूची संपूर्ण कारकीर्द मोजायची की त्याची सर्वोत्तम पाच-सहा वर्षे? केवळ यँकीजकडून केलेली कामगिरी धरायची की इतर संघांकडून केलेलीही? येथे दोन नियम धरले आहेत : कामगिरी फक्त यँकीजसाठीची आणि किमान एक हजार सामने. त्यामुळे १९८५ ते १९८९ या काळात या संघात असलेला रिकी हेंडरसनसारखा थोर खेळाडूही बाद होतो. नियम बदलला की संघही बदलतो, हे ध्यानात ठेवलेले बरे.

सरासरीची मर्यादा

बेसबॉलच्या आकडेवारीचे जनक मानले जाणारे हेन्री चॅडविक हे मूळचे इंग्लंडचे आणि क्रिकेटचे वार्ताहर. फलंदाजीच्या सरासरीची कल्पना बेसबॉलने क्रिकेटवरूनच घेतली. मात्र बेसबॉलमधील सरासरी म्हणजे दर डावामागील धावा नव्हेत, तर प्रयत्नांच्या तुलनेत यशस्वी फटक्यांचे प्रमाण. दहा प्रयत्नांत तीन यशस्वी फटके, म्हणजे सरासरी ०.३००.

या सरासरीत दोन दोष आहेत. एका बेसपुरता फटका आणि होमरन या दोहोंना ती सारखेच मोल देते. शिवाय चार चुकीचे चेंडू सोडून देऊन फलंदाजाने फुकट मिळवलेला पहिला बेस ती मोजतच नाही. १९७० च्या दशकापासून बिल जेम्स यांच्यासारख्या अभ्यासकांनी या उणिवांवर बोट ठेवले आणि ‘सेबरमेट्रिक्स’ ही शाखा रुजली. फलंदाज कितीदा बेसवर पोहोचतो आणि त्याचे फटके किती बेसचे असतात, या दोन प्रमाणांची बेरीज आज सरासरीपेक्षा अधिक विश्वासार्ह मानली जाते.

काळ आणि मैदान

तरीही कच्चे आकडे फसवे असतात. १९३० साली नॅशनल लीगमधील सर्व फलंदाजांची मिळून सरासरी ०.३०३ होती. १९६८ साली अमेरिकन लीगची सरासरी ०.२३० पर्यंत घसरली आणि कार्ल यास्त्रेम्स्की केवळ ०.३०१ सरासरीवर त्या लीगमध्ये पहिला आला. पिचर इतके वरचढ झाले होते की, पुढच्या हंगामापासून त्यांच्या उंचवट्याची उंची १५ इंचांवरून १० इंचांवर आणावी लागली. म्हणूनच प्रत्येक खेळाडूची तुलना त्याच्या समकालीनांशी करावी लागते.

यँकीजच्या दोन महान सेंटरफील्डरांकडे पाहा. जो डिमॅजिओची कारकिर्दीतील सरासरी ०.३२५, तर मिकी मँटलची ०.२९८. वर उल्लेखिलेली बेरीज मात्र दोघांचीही ०.९७७. आता काळ आणि मैदान यांचा हिशेब धरून सामान्य फलंदाजाला १०० गुण दिले, तर मँटलला १७२ आणि डिमॅजिओला सुमारे १५५ गुण मिळतात. मँटल धावांच्या दुष्काळात खेळला. डिमॅजिओच्या बाजूनेही बोलता येते. उजव्या हाताने खेळणाऱ्या या फलंदाजासमोर यँकी स्टेडियमची डावीकडील खोल सीमा ४५७ फुटांवर होती, आणि १९४३ ते १९४५ हे ऐन उमेदीचे तीन हंगाम त्याने सैन्यात घालवले. न खेळलेल्या सामन्यांचे गुण कोणत्याही सूत्रात बसत नाहीत.

नजरेआडची कामगिरी

फलंदाजी, धावण्याची चपळाई आणि क्षेत्ररक्षण यांचे मोल एकत्र करून, सहज उपलब्ध होणाऱ्या राखीव खेळाडूच्या तुलनेत एखाद्याने संघाला किती जादा विजय मिळवून दिले, हे सांगणारे मापही आज वापरले जाते. ढोबळमानाने दहा धावा म्हणजे एक विजय. या मापाने काही झाकली माणके पुढे येतात. सेकंड बेसवर रॉबिन्सन कॅनोने यँकीजकडून २०४ होमरन फटकावले, तर विली रँडॉल्फचे साऱ्या कारकिर्दीतील होमरन अवघे ५४. पण रँडॉल्फने बेस फुकट मिळवला १,२४३ वेळा आणि तो स्ट्राइकआउट झाला फक्त ६७५ वेळा. त्यात तेरा हंगामांचे भरवशाचे क्षेत्ररक्षण मिळवले की पारडे त्याच्याकडे झुकते.

उलट, लाडक्या डेरेक जीटरला क्षेत्ररक्षणासाठी पाच ‘गोल्ड ग्लव्ह’ मिळाले असले, तरी आकडे त्याला या बाबतीत बरेच खाली बसवतात. मात्र ३,४६५ यशस्वी फटक्यांची पुंजी एवढी मोठी आहे की, त्याच्या जागेला धक्का लागत नाही.

निवडलेला संघ

कॅचर : योगी बेरा. तीनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू. १९५० साली ५९७ प्रयत्नांत तो केवळ १२ वेळा स्ट्राइकआउट झाला.

फर्स्ट बेस : लू गेरिग. ४९३ होमरन आणि सलग २,१३० सामने.

सेकंड बेस : विली रँडॉल्फ.

शॉर्टस्टॉप : डेरेक जीटर.

थर्ड बेस : ॲलेक्स रॉड्रिग्ज. उत्तेजकांच्या प्रकरणात त्याला २०१४ चा संपूर्ण हंगाम बाहेर काढावा लागला. आकड्यांना याची खंत नसते. ज्याला ती वाटते, त्याने ग्रेग नेटल्सची निवड करावी. पण आपण निराळा नियम लावत आहोत हे मान्य करावे.

लेफ्ट फील्ड : बेब रूथ. मुख्यतः उजवीकडचा, परंतु काही मैदानांवर तो डावीकडेच उभा राहत असे. यँकीजसाठी ६५९ होमरन.

सेंटर फील्ड : जो डिमॅजिओ.

राइट फील्ड : ॲरन जज. २०२२ साली ६२ होमरन करून त्याने अमेरिकन लीगचा विक्रम मोडला.

केवळ फलंदाजीसाठीचा खेळाडू : मिकी मँटल. १९७३ पासून अमेरिकन लीगमध्ये असा खेळाडू ठेवता येतो. गुडघ्याच्या दुखण्याने गांजलेल्या मँटलला हीच जागा शोभते.

पिचर : २३६ सामने जिंकणारा व्हायटी फोर्ड आणि शेवटच्या डावासाठी ६५२ ‘सेव्ह’ नोंदवणारा मारियानो रिव्हेरा.

नोंदवहीबाहेरचे

रूथने १९२० साली ५४ होमरन केले. त्या वर्षी अमेरिकन लीगमधील उरलेल्या सातांपैकी एकाही संघाला मिळून एवढे होमरन करता आले नाहीत. समकालीनांशी तुलनेचे याहून प्रभावी उदाहरण सापडणार नाही. परंतु हे समकालीन होते कोण? कृष्णवर्णीय खेळाडूंना त्या लीगची दारे बंद होती. रूथ आणि गेरिग यांचे सारे आकडे अशा कुंपणाआड जमा झालेले आहेत.

जॅकी रॉबिन्सनने १९४७ साली ब्रुकलिन डॉजर्सकडून हे कुंपण ओलांडले. यँकीजने एल्स्टन हॉवर्डच्या रूपाने पहिला कृष्णवर्णीय खेळाडू उतरवला, तो थेट १९५५ साली. त्याआधी ‘निग्रो लीग’चे संघ यँकी स्टेडियम भाड्याने घेऊन खेळत. जॉश गिब्सन हा कॅचर याच मैदानावर खेळला. पण या मैदानाच्या मालक संघाकडून त्याला कधीही खेळता आले नाही. रॉबिन्सनच्या पदार्पणाच्या तीन महिने आधी तो वारला. मे २०२४ मध्ये निग्रो लीगचे आकडे अधिकृत नोंदींत समाविष्ट झाले आणि टाय कॉबला मागे टाकून गिब्सन ०.३७२ सरासरीसह सर्वकालीन यादीत अव्वल ठरला.

काळाचा आणि मैदानाचा फरक गणिताने भरून काढता येतो. ज्यांना संधीच नाकारली गेली, त्यांच्यासाठी असा गुणक नाही. म्हणूनच वरील यादी म्हणजे यँकीजने ज्यांना खेळू दिले, त्यांच्यातील सर्वोत्तमांची यादी होय. आणि तेवढाच तिचा दावा असावा.