मागाचा ठेका आणि ट्रान्सच्या तबकड्या

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागाच्या शेडमध्ये नवखा माणूस शिरला, म्हणजे प्रथम त्याला नुसता गोंगाट ऐकू येतो. मग कान सरावतात आणि धोट्याची फेरी, फणीचा ठोका वेगवेगळा कळू लागतो. मागावर वर्षानुवर्षे उभा राहिलेला कामगार तर त्या ठेक्यातच वावरतो. ठेका किंचित चुकला तरी, पाठ वळलेली असतानाही, माग बिघडल्याचे त्याला समजते. अशा ठिकाणी संघटनेचे काम करणाऱ्याने ट्रान्स नावाच्या संगीतावर बोलावे, याचे कित्येकांस नवल वाटेल. परंतु यंत्राच्या ठेक्यात मनुष्य कसा गुंततो, हा प्रश्न आम्हांस परका नाही. आणि या संगीताच्या इतिहासातील एक मोठे चमत्कारिक प्रकरण आपल्या मुंबईतच घडलेले आहे.

ट्रान्स म्हणजे तंद्री. एकच अखंड ठेका, मोजकेच सूर, शब्द जवळजवळ नाहीत, आणि दर आवर्तनाला अगदी थोडा फरक, असे या संगीताचे स्वरूप होय. आषाढीला शेगावची पालखी सोलापुरातून जाते, तेव्हा टाळमृदंगाच्या गजरात चालण्याचे श्रम विसरलेली माणसे आपण पाहतोच. तत्त्व तेच आहे. फरक इतकाच की तेथे ठेका माणूस धरतो, येथे यंत्र धरते.

यंत्राला ठेका धरावयास लावण्याचे हे काम एका माणसाचे नव्हे. 1977 साली जॉर्जिओ मोरोडर याने म्युनिक येथे डोना समरच्या ‘आय फील लव्ह’ या गाण्याची साथ बहुतांशी विजेच्या वाद्यांवर बांधली आणि यंत्राच्या ठेक्यावर माणसे नाचतात हे सिद्ध केले. डिसेंबर 1981 मध्ये बर्लिनच्या मान्युएल ग्यॉटशिंगने सुमारे तासभर चालणारी एकच रचना ध्वनिमुद्रित केली. ‘ई टू–ई फोर’ या नावाने ती 1984 मध्ये बाहेर आली. पुढील ट्रान्सचे बरेचसे बीज या दोन तबकड्यांत सापडते.

आता मुंबईकडे वळू. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदातील वादक. गिटार, बेस आणि विजेची वाद्ये वाजविण्यात त्यांची हयात गेली. गाण्याच्या तबकडीवर गायकाचे, कवीचे, संगीत दिग्दर्शकाचे नाव छापले जाई. वाद्ये वाजविणाऱ्या हातांचे बहुधा नसे. या वादकाने जपानच्या रोलँड कंपनीची तीन नवी यंत्रे मिळविली: ठेका देणारे एक, खर्जाचे सूर देणारे दुसरे, आणि तिसरे पेटीसारखे पट्ट्यांचे. पहिली दोन तारेने जोडून एका लयीत चालविली आणि तिसऱ्यावर हाताने राग वाजविले. भैरवी, ललत, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवून 1982 साली एचएमव्हीची तबकडी निघाली.

यात नुसती हौस नव्हती. खर्जाच्या यंत्रात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. आपल्या कानाला ती मींडेजवळची वाटते. राग एका षड्जावर उभा असतो, आधार बदलत नाही. यंत्राला नेमके हेच मानवते. म्हणून राग आणि यंत्र यांची गाठ येथे ओढूनताणून घातलेली वाटत नाही.

तबकडी मात्र फारशी खपली नाही. तिकडे जपानातही ते खर्जाचे यंत्र चालले नाही. एकट्या गिटारवादकाला साथ मिळावी म्हणून काढलेले ते यंत्र 1984 मध्ये बंद झाले आणि जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागले. शिकागोच्या कृष्णवर्णीय तरुणांनी ते घेतले, त्याच्या खुंट्या हव्या तशा पिळल्या, आणि 1987 मध्ये फ्यूचर या मंडळीची ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ निघाली. त्या घुसळणाऱ्या आवाजातून युरोपात ट्रान्स वाढला. 1990 ची ‘द एज ऑफ लव्ह’ आणि तिचे 1992 चे नवे रूप यांनी तो घरोघर नेला. इकडे गोव्यात हणजुणच्या किनाऱ्यावर परदेशी प्रवासी रात्ररात्र नाचत. वाजविणारे लोक फितींतून शब्द कापून नुसता ठेका ठेवीत. त्या रात्रींवरून गोवा ट्रान्स हे नाव पडले. पण त्याच्या गाजलेल्या तबकड्या, उदाहरणार्थ 1995 ची ‘ट्विस्टेड’, इंग्लंडात निघाल्या. किनारा आपला, शिक्का त्यांचा!

एका डच संग्राहकास 2002 साली दिल्लीत चरणजित सिंगांची ती तबकडी सापडली आणि 2010 मध्ये त्याने ती पुन्हा काढली. मग जगभर गवगवा झाला की अ‍ॅसिड संगीताचा जनक मुंबईचा! आम्ही या गर्जनेत सामील होणार नाही. शिकागोच्या पोरांनी ती तबकडी ऐकल्याचा पुरावा नाही. एकच अवजार दोन कसबी हातांत पडले आणि दोघांनी त्यातून सारखा आवाज काढला, इतकेच खरे. आणि आमच्या मते तेच अधिक मोलाचे आहे. सत्तरी ओलांडल्यावर सिंगांना युरोपात रंगमंच मिळाला; 2015 मध्ये ते वारले.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून आम्हांस राहवत नाही. तबकडीचे ते 1982 साल मुंबईच्या गिरणी संपाचे. 18 जानेवारीपासून सुमारे अडीच लाख कामगार बाहेर होते. गिरण्यांचे भोंगे थांबले असता त्याच शहरात यंत्राचा नवा ठेका मुद्रित होत होता. पुढे त्याच जातीच्या यंत्रांनी चित्रपटाच्या वाद्यवृंदातील व्हायोलिनवाल्यांचे, तालवादकांचे काम हिरावले. यंत्राचा यात दोष नाही. पण यंत्र आले तेव्हा माणसाची वाटणी कोणी ठरवली, हे विचारणे आमचा धर्म आहे.

मस्टरवर नाव नसलेल्या कामगाराला काम केल्याचे सिद्ध करता येत नाही, हे आम्ही जन्मभर पाहत आलो. चरणजित सिंगांचे नाव स्वतःच्या तबकडीवर छापलेले होते, म्हणून अठ्ठावीस वर्षांनी का होईना, त्यांची हजेरी लागली. त्यांच्या शेजारी बसून वाजविणाऱ्या कित्येकांची ती अजून लागावयाची आहे. उद्या एखादे जुने गाणे कानी पडले, तर गाणाऱ्याबरोबर ठेका धरणाराही कोण होता, इतके विचारून पाहावे.