पळणारे दिवे

पनवेल तालुक्यात, खारघर स्थानकाजवळ बेलपाडा गाव आहे. तिथे काय किंवा आपल्या कुठल्याही गावात काय, गणपती-दिवाळीपासून नाताळपर्यंत घरांच्या कठड्यांवर दिव्यांच्या माळा 'पळत' असतात. खरे तर एकही दिवा जागचा हलत नाही. पळतो तो क्रम. म्हणून या रोषणाईचा इतिहास आम्हांला दिव्याचा कमी आणि बटणाचा अधिक वाटतो.

१८८२ साली मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमध्ये विजेचे दिवे लागले. (ती कंपनी पुढच्याच वर्षी बुडाली!) त्याच वर्षी २२ डिसेंबरला न्यूयॉर्कमध्ये एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी राहत्या घरी नाताळचे झाड लाल, पांढऱ्या व निळ्या अशा ८० दिव्यांनी सजवले. खरी गंमत बुंध्याशी होती. झाड विजेवर फिरे आणि फिरताना तांब्याच्या पट्ट्यांचा संपर्क जुळे-तुटे. एक रंग विझे, दुसरा उजळे.

हीच युक्ती पुढे उत्सवांच्या मांडवांत आली. बंगालमधील चंदननगरचे कारागीर तर त्यासाठी प्रसिद्धच आहेत. लाकडी रोलर, त्यावर तांब्याच्या पट्ट्या, त्यांना घासणाऱ्या धातूच्या जिभा आणि एक छोटी मोटर. पट्टी जशी कापाल तसा दिव्यांचा क्रम. म्हणजे 'प्रोग्राम' चक्क कात्रीने कापलेला असे.

पण डोळ्यांना हालचाल का दिसते? माक्स वेर्टहायमर यांनी १९१२ साली याचे प्रयोग प्रसिद्ध केले. शेजारच्या दोन रेषा सुमारे ०.०६ सेकंदाच्या अंतराने दाखवल्या की एकच रेषा सरकल्यासारखी दिसते. अंतर ०.२ सेकंद केले की दोन वेगळ्या रेषा दिसतात, ०.०३ केले की दोन्ही एकदमच. येथे एक प्रश्न मुलांना जरूर विचारावा: पळत्या माळेत किमान किती सर लागतात? दोन सर आलटून पालटून लावले तर उजेड डावीकडे गेला की उजवीकडे, हे ठरत नाही. तिसरा सर आला की दिशा येते. १-२-३ पुढे, १-३-२ मागे.

१९७२ मध्ये ५५५ ही टायमर चिप बाजारात आली. तिच्या जोडीला ४०१७ हा गणक घेतला की रोलरची गरज संपली. आजच्या काही एलईडी पट्ट्यांत तर प्रत्येक दिव्यापाशी चिप असते. वर्गात वह्यांचा गठ्ठा पुढे सरकतो, तसा संदेश सरकतो. प्रत्येक दिवा वरची आपली वही काढून घेतो. हे सुंदर आहे, पण डबी बंद असते आणि मुलांना दिसत काहीच नाही.

म्हणून रोलर वर्गात करून पाहावा. पुठ्ठ्याच्या नळीच्या एका टोकाला फॉइलचे पूर्ण कडे, त्याला जोडून जिन्यासारख्या चढत जाणाऱ्या तीन पट्ट्या, प्रत्येकी नळीच्या एकतृतीयांश घेराच्या. पत्र्याच्या चार जिभा: एक कड्यावर, तीन पट्ट्यांच्या वाटेवर. टॉर्चचे तीन बल्ब, दोन सेल. नळी उलटी फिरवली की उजेड उलटा पळतो.

हे सारे सेलवरच करावे. जुन्या माळेत ६ व्होल्टचे ३८ बल्ब एकसर जोडलेले असतात. एकेकावर फक्त ६ व्होल्ट येतात हे गणित मुले चटकन करतात आणि माळ निरुपद्रवी समजतात. पण चालू माळेतला एक बल्ब काढला, की रिकाम्या होल्डरच्या दोन टोकांत जवळजवळ पूर्ण २३० व्होल्ट येतात.