किनारा नसलेलें राज्य

आफ्रिका खंडांत चाड नांवाचा विस्तीर्ण देश आहे. त्याला समुद्रकिनारा नाहीं. शेजारच्या कामेरूनमधील डुआला बंदरावर त्याचा बराच व्यापार अवलंबून असतो. अशा देशाची अडचण समजून घेण्यास हिंगोलीकरांना आफ्रिकेपर्यंत जावयास नको. १९४८ सालापर्यंत हिंगोली ज्यांत मोडत होती, तें निजामाचें हैदराबाद संस्थान असेंच चहूंकडून भूमीनें वेढलेलें होतें.

त्याचा विस्तार सुमारें ८२,००० चौरस मैल. १९४१ च्या शिरगणतीप्रमाणें लोकसंख्या १,६३,३८,५३४. जवळजवळ निम्मे लोक तेलगू भाषिक, चौथाईच्या आसपास मराठी. कारभार मात्र उर्दूंत चाले. जिल्हे १६, हिंगोली हा परभणी जिल्ह्यांतील एक तालुका. स्वतःचें नाणें, टपाल, रेल्वे असा सारा सरंजाम होता. बंदर तेवढें नव्हतें.

तें मुळांतच नव्हतें असें मात्र नाहीं. मच्छलीपट्टण १७५९ सालीं सलाबतजंगानें इंग्रजांना दिलें. १७६६ च्या तहानें उत्तर सरकार हा किनारी मुलूख गेला आणि १७८८ सालीं गुंटूरहि गेल्यावर समुद्राशीं संबंध तुटला. पुढें १८०० सालीं तैनाती फौजेच्या खर्चापायीं बल्लारी-कडप्याचा मुलूख व १८५३ सालीं काँटिंजंट फौजेच्या खर्चापायीं वऱ्हाड इंग्रजांच्या हातीं पडला. या काँटिंजंटची एक छावणी हिंगोलीसच होती! ज्या पलटणी तेथें कवाईत करीत, त्यांच्याच पगारासाठीं पैनगंगेपलीकडील मराठी मुलूख परका झाला. दरबारानें आपल्या रक्षणाची दिलेली ही किंमत फार मोठी होती. नदी ओलांडतांना मालावर करोडगिरी द्यावी लागे. भाषा, सोयरिकी आणि बाजार मात्र दोन्ही तीरांवर एकच.

१९४७ नंतर स्वतंत्र राहण्याची आकांक्षा बाळगणाऱ्या निजामशाहीला किनाऱ्याची उणीव पुरती जाणवली. पोर्तुगीजांच्या गोव्यांतील मुरगांव बंदर मिळविण्याची खटपट झाली, ती साधली नाहीं. हत्यारें कराचीहून विमानांतून रात्रीं आणावीं लागलीं. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं हिंदी सैन्य आंत शिरलें; १७ तारखेस प्रतिकार संपला.

१९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, १९६० सालीं महाराष्ट्रांत. हिंगोली १ मे १९९९ रोजीं स्वतंत्र जिल्हा झाली. वाशीमच्या वाटेवर पैनगंगेजवळ जें गांव लागतें, त्याचें नांव अजूनहि कनेरगांव नाका असेंच आहे.