महापालिकेला टॅग केलं म्हणजे हरकत नोंदवली का? मुंबईत नागरिकांचं मत ऑनलाइन कुठे पोहोचतं

शीव स्थानकालगतचा रेल्वेवरचा पूल १९१२ साली बांधलेला होता. आयआयटी मुंबईच्या तपासणीत तो धोकादायक ठरला. मध्य रेल्वेला पाचव्या-सहाव्या मार्गिकेसाठी जागाही हवी होती. त्यामुळे तो पाडून नवा बांधायचं ठरलं आणि १ ऑगस्ट २०२४ पासून तो वाहनांसाठी बंद झाला. त्याआधी बंदची तारीख अनेकदा पुढे गेली. कधी स्थानिकांचा विरोध आडवा आला, कधी परीक्षा, कधी लोकसभेची निवडणूक.

या सगळ्या काळात शीवकरांनी सोशल मीडियावर भरपूर लिहिलं. कोंडीचे व्हिडिओ टाकले, महापालिका, रेल्वे आणि वाहतूक पोलिसांना टॅग केलं. पण चर्चा मुख्यतः पूल 'कधी' बंद करायचा याचीच होती. तो पाडायचा का, पर्यायी रस्ता कोणता, पादचाऱ्यांचं काय, हे प्रश्न लोकांपर्यंत येईपर्यंत मोठे निर्णय झालेले होते.

मुंबईत असं वारंवार होतं. बोलण्याची सोय आहे, पण आपलं बोलणं नेमकं कुठल्या खात्यात जमा होतं हे बहुतेकांना माहीत नसतं.

डिजिटल लोकसहभाग म्हणजे काय?

स्थानिक प्रशासन आणि नागरिक यांच्यातल्या ऑनलाइन व्यवहाराचे ढोबळमानानं चार प्रकार पडतात.

१. माहिती देणं: पाणीकपात, रस्ता बंद, लसीकरण यांच्या सूचना.
२. तक्रार घेणं: खड्डा, कचरा, तुंबलेलं गटार.
३. मत विचारणं: निर्णयाआधी मसुदा जाहीर करून सूचना आणि हरकती मागवणं.
४. निर्णयात वाटा देणं: पैसे कुठे खर्च करायचे हे लोकांनीच ठरवणं किंवा त्यावर मतदान करणं.

पहिल्या दोन प्रकारांत मुंबई बरीच पुढे आहे. खरा फरक तिसऱ्या आणि चौथ्यात पडतो.

मुंबईत तक्रारीसाठी कोणत्या सोयी आहेत?

खड्ड्यांचे फोटो पाठवण्यासाठी महापालिकेनं २०११ मध्येच संकेतस्थळ सुरू केलं होतं. २०१९ मध्ये प्रत्येक प्रशासकीय विभागाचं वेगळं ट्विटर (आताचं एक्स) खातं उघडण्यात आलं. जानेवारी २०२२ मध्ये 'माय बीएमसी असिस्ट' हा व्हॉट्सॲप चॅटबॉट आला, त्याचा क्रमांक ८९९९२२८९९९. १९१६ ही हेल्पलाइन आहेच. २०२५ च्या पावसाळ्यात खड्ड्यांसाठी 'पॉटहोल क्विकफिक्स' हे ॲप आलं.

या सोयींचा उपयोग होतो, पण त्यांच्यावर विचारला जाणारा प्रश्न एकच असतो: 'काय बिघडलंय?' 'काय करावं?' हा प्रश्न तिथे विचारलाच जात नाही. तक्रार निकाली निघते तेव्हा खड्डा बुजतो. रस्ता काँक्रीटचा करायचा की नाही हे त्यानं ठरत नाही.

मग मत कुठे द्यायचं?

कायद्यानं प्रशासनाला तुमचं ऐकावंच लागतं असे काही ठरावीक प्रसंग आहेत. त्यांना सरकारी भाषेत 'सूचना व हरकती' म्हणतात.

*विकास आराखडा:* महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार शहराचा आराखडा आधी मसुदा म्हणून जाहीर करावा लागतो. मुदतीत हरकत घेणाऱ्यांना नियोजन समितीपुढे सुनावणी मिळते. एखाद्या भूखंडाचं आरक्षण बदलायचं असेल तरी कलम ३७ खाली हरकती मागवाव्या लागतात. तुमच्या शेजारच्या मैदानाचं भवितव्य अशाच एखाद्या छोट्या नोटिशीत दडलेलं असू शकतं.

*झाडं:* १९७५ च्या वृक्षसंवर्धन कायद्यानुसार झाड तोडण्याआधी जाहीर सूचना द्यावी लागते. हरकतीची मुदत बहुतेक वेळा सातच दिवसांची असते.

*अर्थसंकल्प:* २०२५-२६ च्या अर्थसंकल्पाआधी महापालिकेनं नागरिकांकडून सूचना मागवल्या. त्या ईमेलनंही पाठवता येत होत्या. तो अर्थसंकल्प ७४ हजार ४२७ कोटी रुपयांचा होता.

याचा खरंच परिणाम होतो का?

कधी होतो, कधी नाही. मुंबईतच दोन्हींची उदाहरणं आहेत.

२०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याचा मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये जाहीर झाला. नकाशे संकेतस्थळावर असल्यानं लोकांनी आपापली गल्ली शोधून पाहिली. कुठे रस्ता चुकीचा दाखवला होता, कुठे वारसा वास्तू किंवा प्रार्थनास्थळ नकाशातून गायब होतं. हजारो हरकती आल्या आणि एप्रिल २०१५ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो मसुदा रद्द करून नव्यानं तयार करायला सांगितलं. सुधारित मसुदा मे २०१६ मध्ये आला, त्यावर पुन्हा हरकती घेतल्या गेल्या आणि मे २०१८ मध्ये राज्य सरकारनं आराखडा मंजूर केला.

दुसरं उदाहरण आरेचं. मेट्रो कारशेडसाठी झाडं काढण्याच्या प्रस्तावावर ८० हजारांहून अधिक हरकती आल्याच्या बातम्या होत्या. त्यातल्या कितीतरी ऑनलाइन पाठवलेल्या होत्या. तरीही ऑगस्ट २०१९ मध्ये वृक्ष प्राधिकरणानं २,६४६ झाडांबाबतचा प्रस्ताव मंजूर केला. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयानं याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री तोड सुरू झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानं ती थांबवली, तोवर बहुतेक झाडं पडली होती.

म्हणजे हरकत हे मत नाही आणि हरकतींची मतमोजणी होत नाही. एकाच मजकुराचे हजार ईमेल प्रशासन एकच मुद्दा म्हणून निकाली काढू शकतं. याउलट, एका माणसानं नकाशातली एक चूक पुराव्यासह दाखवली तर ती दुरुस्त करावी लागू शकते.

नगरसेवक असताना याची गरज काय?

७ मार्च २०२२ रोजी मुंबई महापालिकेतल्या नगरसेवकांची मुदत संपली. पुढची निवडणूक झाली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळपास चार वर्षं २२७ प्रभागांत एकही नगरसेवक नव्हता आणि कारभार प्रशासकाच्या हाती होता. पूर्वी ज्यांच्या कार्यालयात जाऊन बसता यायचं त्यांची जागा ॲप आणि चॅटबॉटनं घेतली. चॅटबॉट तक्रार क्रमांक देतो, पण सभागृहात उभं राहून प्रश्न विचारत नाही.

आता नगरसेवक आहेत. पण वॉर्डातल्या लोकांनी एकत्र बसून कामं सुचवावीत यासाठी राज्यात २००९ च्या कायदादुरुस्तीनं आणलेली क्षेत्रसभा मुंबईत रुळलेली नाही.

इतरत्र काय होतं?

पुणे महापालिकेत २००६-०७ पासून नागरिक पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकासाठी आपल्या भागातली छोटी कामं सुचवू शकतात. पदपथ, बाकं, दिवे अशी ही कामं असतात. हे अर्ज आता ऑनलाइनही भरता येतात. या पद्धतीचं मूळ ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरात आहे. तिथे ती १९८९ मध्ये सुरू झाली. स्पेनमधल्या माद्रिदनं २०१५ मध्ये संकेतस्थळ उभारून नागरिकांना प्रकल्प सुचवायची आणि त्यावर मतदान करायची सोय दिली. या दोन्ही शहरांत लोकांसमोर आधी ठरावीक रक्कम ठेवली गेली. 'तुमचं मत सांगा' आणि 'एवढे पैसे आहेत, कशावर खर्चायचे सांगा' यांत मोठा फरक आहे.

ऑनलाइनमुळे कोण मागे राहतं?

शीवच्या आसपासच पाहा. प्रतीक्षा नगर, अँटॉप हिल, शीव-कोळीवाडा या भागांत अनेक घरांत एकच स्मार्टफोन असतो आणि तो कमावत्या माणसासोबत बाहेर असतो. पाण्याच्या वेळा ज्यांना पाळाव्या लागतात त्या बायका आणि म्हातारी माणसं पीडीएफ नकाशे उघडून पाहतीलच असं नाही. म्हणून केवळ ऑनलाइन आलेल्या सूचनांवरून 'लोकांचं म्हणणं' ठरवलं, तर ते फोनवाल्यांचं म्हणणं ठरतं. कागदी अर्ज आणि प्रत्यक्ष सभा यांची गरज म्हणूनच टिकून आहे.

शीवमध्ये राहत असाल तर काय करता येईल?

• आपला विभाग ओळखा. शीव, माटुंगा पूर्व, वडाळा हे एफ-उत्तर विभागात येतात. त्याचं कार्यालय माटुंग्याला भाऊ दाजी मार्गावर आहे. रुळांपलीकडची धारावी जी-उत्तरमध्ये, तर चुनाभट्टी एल विभागात.
• काम कोणाचं ते पाहा. शीवच्या पुलासारख्या कामात रेल्वे, महापालिका आणि वाहतूक पोलीस असे तिघे असतात. एकाला टॅग केलं तर उरलेल्या दोघांकडे नोंद होत नाही.
• हरकत म्हणूनच लिहा. सूचनेचा क्रमांक आणि तारीख, जागेचा नगर भूमापन क्रमांक, तुमचं नाव-पत्ता, नेमका आक्षेप आणि तुमची मागणी लिहा. 'मला सुनावणी हवी' हे वाक्य विसरू नका.
• पोच घ्या. कार्यालयात दिलं तर प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक, ईमेल केला तर त्याची प्रत जपून ठेवा.
• आपल्या शब्दांत लिहा. फॉरवर्ड केलेल्या मजकुरापेक्षा तुमच्या इमारतीसमोरचा फोटो आणि मोजमाप जास्त उपयोगी पडतं.
• निर्णयानंतर विचारा. हरकतीचं काय झालं हे माहिती अधिकारात विचारता येतं. साधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे.

मग पोस्ट टाकायचीच नाही का?

जरूर टाका. फक्त तिचं काम वेगळं आहे. पोस्ट म्हणजे हरकत नव्हे, पण हरकतीची शेवटची तारीख सोसायटीच्या, चाळीच्या, मंडळाच्या ग्रुपवर पोहोचवायला तिच्याइतकं जलद साधन नाही. ही नोटीस वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात येते आणि आठवड्याभरात तिची मुदत संपूही शकते. ती कोणीतरी वेळेत पाहून चार जणांना सांगितली, तर ते चार अर्ज मुदतीत दाखल होतात.