कोणी न लावलेली आग

आपल्याकडे गंजी पेटली की पहिला प्रश्न येतो, कुणी पेटवली? मग भाऊबंदकी निघते, बिडीचं थोटूक निघतं, वरून गेलेली वीजतार निघते. ज्वारीचा कडबा फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात खडखडीत वाळून रचला जातो, त्यामुळे पेटवणारा कुणीतरी असणारच हा आपला अंदाज बहुतेक वेळा बरोबरही ठरतो. वैरण आपली आपण पेटते, हे पटवून घ्यायला साखर कारखान्याच्या बगॅस यार्डात काम केलेला माणूस शोधावा लागतो. उसाच्या चिपाडाचे ढीग आतून कसे तापतात, ते त्याने पाहिलेलं असतं.

अमेरिकेच्या ईशान्येकडच्या दुग्धपट्ट्यात मात्र ही भीती पिढीजात आहे. तिथलं गवत पावसाळी हवेत वाळवावं लागतं आणि हिवाळाभर पुरवावं लागतं. खालचा घटनाक्रम कुठल्या एका घराचा नाही. तिथली विद्यापीठं शेतकऱ्यांना तापमानाच्या ज्या पायऱ्या शिकवतात, त्या पेनसिल्वेनियातल्या एका नमुन्याच्या शेतावर मी मांडल्या आहेत. घर तिथल्या कुणाचंही असू शकतं. आजोबा, मुलगा, सून, शाळेला सुट्टी लागलेली दोन नातवंडं आणि साठेक गाई. कोठार उताराला टेकून बांधलेलं, लाकडी, शंभराहून अधिक वर्षांचं. खाली गोठा, वर माळा. चढाच्या बाजूने गाडी थेट माळ्यावर जाते.

५८२ तास आधी. मंगळवार, सकाळचे ११

जूनमधली पहिली कापणी. लसूणघास आणि टिमोथी गवत मिसळून पेरलेलं. उभ्या गवतात वजनाच्या पाऊण हिश्शाहून जास्त पाणी असतं. यंत्र ते कापतं आणि लगेच दोन रुळांमधून चेपून सोडतं, म्हणजे देठ चिरडून लवकर वाळतो. अंदाज सांगतो, गुरुवार रात्रीपर्यंत कोरडं, शुक्रवारी दुपारी पाऊस. बुधवारी गवत उलटून पसरायचं, गुरुवारी दंताळ्याने वळी ओढायच्या, शुक्रवारी सकाळी दव उडालं की गठ्ठे बांधायचे. योजनेत चूक काहीच नाही.

५३३ तास आधी. गुरुवार, दुपारचे १२

पाऊस अलीकडे आला. आता तो आज रात्री आहे.

सगळ्या घटनाक्रमात खरा निर्णय एवढाच आहे, म्हणून इथे थोडं थांबतो. लसूणघासाचं पान कागदासारखं पातळ, ते आधी वाळतं. देठ जाड, तो मागे राहतो. प्रथिनांचा मोठा वाटा पानात. देठ पुरता वाळेपर्यंत थांबलं तर पान इतकं ठिसूळ होतं की यंत्रात शिरताना चुरा होऊन रानातच पडतं. म्हणजे जास्त वाळवणारा शेतकरीही नुकसानीतच जातो. वीस-पंचवीस किलोच्या लहान चौकोनी गठ्ठ्याला ओलावा २० टक्क्यांच्या आत हवा, मोठ्या गठ्ठ्यांना त्याहून कमी. आजोबा मूठभर गवत पिळून बघतात आणि नखाने देठ खरवडतात. साल सुटली, म्हणजे आत ओल आहे. मुलाच्या हातातलं ओलावामापक रानाच्या मधोमध २१ दाखवतं, कडेच्या झाडांच्या सावलीत २८.

एक साधा हिशेब. सावलीतल्या पट्ट्यातून एक हजार गठ्ठे निघाले, प्रत्येकी वीस किलोचे, असं धरू. वीस टन झाले. २८ टक्के ओलाव्याने त्यात ५,६०० लिटर पाणी आहे. तेच गवत १८ टक्क्यांवर वाळलं असतं तर सुमारे ३,२०० लिटर उरलं असतं. मधले २,४०० लिटर आता माळ्यावर चढणार आहेत, आणि हाताला ते कुठेच ओले लागणार नाहीत.

न बांधलं तर काय? रात्रभर पाऊस खाल्लेलं गवत काळं पडतं, पुन्हा उलटावं लागतं, त्यात आणखी पान झडतं. डोळ्यांसमोर दिसणारं नुकसान एका बाजूला, न दिसणारं दुसऱ्या बाजूला. मीही बांधा म्हणालो असतो.

५३० ते ५२४ तास आधी. गुरुवार, दुपारी ३ ते रात्री ९

बेलर वळीवरून चालतो, गवत आत ओढून दाबतो, दोन सुतळ्यांनी आवळून गठ्ठा मागे सोडतो. गाडी भरते, चढावरून माळ्यावर जाते, तिथून साखळीच्या पट्ट्यावर गठ्ठे वर. नातवंडं लांब बाह्यांचे शर्ट घालून रचतात, कारण उघड्या हातावर गवताचे ओरखडे उठतात. रचायचं शास्त्र आजोबांचं. एका थरातला सांधा वरच्या थरातल्या गठ्ठ्याखाली दडला पाहिजे, फट दिसता कामा नये, भिंतीपर्यंत गच्च. गच्च रचलेली थप्पी कलत नाही आणि कमी जागेत जास्त मावते.

तीच थप्पी उष्णता बाहेर सोडत नाही. जे ओलं वाटतंय ते वेगळं, सैल, फटी ठेवून रचायचं किंवा महिनाभर कोठाराबाहेर ठेवायचं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण रात्री आठला, ढग गडगडत असताना, सावलीतले गठ्ठे वेगळे काढत कोण बसणार? ते गाडीत जसे आले तसे रचले गेले आणि नेमके मधोमध बसले. आजोबांनी थराथरावर मीठ भुरभुरलं. जुनी रीत आहे. नेहमीच्या मुठीएवढ्या मिठाने इतक्या ओलाव्याचं काही बिघडत नाही.

नऊ वाजून दहा मिनिटांनी पाऊस सुरू झाला तेव्हा शेवटची गाडी आत होती. सगळे खूश. शेती नीट करणारं घर जे जे करतं, ते सगळं त्या संध्याकाळी झालं होतं: काम अंगावर घेतलं, पावसाआधी उरकलं, नेटकं रचलं. आग तिथेच लागली.

५०० तास आधी. शुक्रवार, रात्रीचे ९

कापलेलं गवत लगेच मरत नाही. पेशी श्वास घेत राहतात, साखर जाळतात, उष्णता आणि आणखी पाणी सोडतात. त्यावर बुरशी आणि जिवाणू पोसतात. थंडीच्या सकाळी उकिरड्यातून वाफ निघते, तेच काम इथे चालू आहे. वरच्या गठ्ठ्यांना घाम फुटतो. यात घाबरण्यासारखं काही नाही, नुकतं रचलेलं जवळजवळ सगळंच गवत थोडंफार तापतं.

४३२ तास आधी. सोमवार, संध्याकाळचे ५

गाभ्यात ५० अंश सेल्सिअसच्या वर. चांगलं वाळलेलं गवत इथपर्यंत येऊन हळूहळू निवतं. हे निवत नाही. साधे सूक्ष्मजीव या उष्णतेत मेले आणि उष्णताप्रिय जमात पुढे आली. १९०७ साली ह्युगो मीहे या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने गवताच्या स्वतः तापण्यावर पुस्तक लिहिलं आणि या कामाचे धनी हे सूक्ष्मजीव आहेत हे दाखवून दिलं. अनुभव त्याहून कितीतरी जुना. पहिल्या शतकात कोलुमेला हा रोमन लेखक शेतीच्या ग्रंथात बजावतो की ओलं रचलेलं गवत तापतं आणि पेट घेतं.

याच जमातीतल्या काही जिवाणूंची धूळ श्वासातून गेली की शेतकऱ्यांना फुप्फुसाचा आजार होतो. बगॅस हाताळणाऱ्यांना होणारा आजार त्याचाच सख्खा भाऊ.

२८८ तास आधी. रविवार, संध्याकाळचे ५

६५ अंश. सल्ला असा की इथून रोज तापमान बघावं. त्यासाठी दहाएक फुटांची टोकदार नळी, टोकाजवळ भोकं पाडलेली, थप्पीत ठोकून तिच्यात दोरीला बांधलेला तापमापक सोडतात आणि पंधरा-वीस मिनिटांनी वर ओढतात. नळी नसेल तर लोखंडी सळई काही तास खुपसून ठेवायची. बाहेर काढल्यावर ती हातात धरवली नाही, तर समजायचं. थप्पीला बाहेरून हात लावून काही कळत नाही. वाळलं गवत उष्णता इतकी कमी वाहू देतं की दोन गठ्ठे आत ६५ असताना बाहेरचा गठ्ठा थंडगार.

नळी कोठारातच आहे, कोपऱ्यात, फवारणीच्या डब्यांमागे.

माळ्यावर वास येऊ लागलाय. गोडसर, साखर करपल्यासारखा, थोडा तंबाखूचा. वाईट नाही, आणि इथेच घोळ होतो. कडेचा एक गठ्ठा फोडून खाली टाकला तर तो तपकिरी निघाला आणि गाई त्याच्यावर तुटून पडल्या. तापलेलं गवत त्यांना आवडतं. त्यातली प्रथिनं उष्णतेने बांधली गेल्यामुळे पचत नाहीत, हे गाईला जिभेवर कळत नाही. ते दुधात दिसतं, तेही उशिरा.

१४४ तास आधी. शनिवार, संध्याकाळचे ५

गाभा ७५ च्या पुढे. आता आत जिवंत काही नाही. इथवर उष्णता सूक्ष्मजीवांनी आणली, पुढचं काम रसायनाचं. तापलेल्या गवतावर हवेतल्या ऑक्सिजनची क्रिया होते, त्याने ते आणखी तापतं, तापल्यावर क्रिया आणखी वेगाने होते. ७१ अंशांना दर चार तासांनी बघा आणि ७९ अंशांना अग्निशमन दलाला बोलवा, असं पत्रकं सांगतात. या घरात त्या आठवड्यात मक्याची निगराणी चालली होती. माळ्यावर जायचं कारणच नव्हतं.

४८ तास आधी. बुधवार, संध्याकाळचे ५

थप्पीचा माथा मधोमध वीतभर खचलाय. आत गवत आक्रसून कोळसा होतंय, पोकळी तयार होतेय. अशा माथ्यावर पाय देणाऱ्याच्या खाली काय आहे ते वरून दिसत नाही. म्हणून फळ्या टाकून त्यांवरूनच चालायचं, कमरेला दोर बांधायचा आणि त्याचं दुसरं टोक सुरक्षित जागी उभ्या असलेल्या माणसाच्या हातात द्यायचं, असा दंडक आहे.

१२ तास आधी. शुक्रवार, पहाटेचे ५

धारा काढायला आलेल्या सुनेला आढ्यावर वाफेची रेघ दिसते. पहाट गार आहे, छपरांवर धुकं असतंच. आत मात्र वास बदललाय. गोडवा जाऊन घशाला झोंबणारा झालाय.

३ तास आधी. दुपारचे २

नळी अखेर निघते. ८२ अंश. नळी जिथे ठोकली तिथले ८२. सहा फूट पलीकडे किती आहेत, हे नळीला ठाऊक नसतं. ज्योत पेटायला साधारण २३० अंशांच्या पुढे जावं लागतं, आणि ते आत कुठेतरी धुमसतही असेल.

या क्षणी फोन करायचा असतो. पण ग्रामीण पेनसिल्वेनियातलं अग्निशमन दल बहुतेक स्वयंसेवकांचं. म्हणजे फोन केला की शेजारचा सुतार, शाळेच्या बसचा चालक आणि पलीकडच्या शेताचा मालक हातातलं काम टाकून येणार, आणि इथे तर धूरही दिसत नाही. संकोच वाटतो. मुलगा आधी शेजाऱ्याला लोडर घेऊन बोलावतो. गाई मात्र तो तेवढ्यात कुरणात हाकलतो, आणि दिवसभरातलं सगळ्यात शहाणपणाचं काम तेच ठरतं.

२० मिनिटं आधी

माळ्याचं मोठं दार सताड उघडलं, उष्णता बाहेर पडावी म्हणून. हवा आत गेली. मग गठ्ठे ओढायला सुरुवात. क्रम उलटा असायला हवा होता: बंब उभा, नळ्यांत पाणी भरलेलं, ओढण्याआधी गवत भिजवलेलं, आणि मग एकेक गठ्ठा थेट रानात. तिसऱ्या थरातला गठ्ठा हातातच तुटला. आत काळा, सुतळी जळून गेलेली.

शून्य. शुक्रवार, संध्याकाळचे ५

त्या भोकातून आधी दाट पिवळट धूर आला आणि पाठोपाठ ज्योत. बावीस दिवस आत जे अडत होतं ते हवेवाचून अडत होतं. मुलगा आणि शेजारी उडी मारून बाहेर आले. पहिला बंब पोचला तेव्हा आढं पेटलं होतं. शतकभर वाळलेल्या तुळयांना फार वेळ लागत नाही. दलाने कोठार सोडून दिलं आणि तळ्यातून पाणी खेचून घर आणि डिझेलची टाकी भिजवत ठेवली.

रात्री साठ गाई तीन शेजाऱ्यांच्या गोठ्यांत वाटल्या गेल्या, कारण धार चुकवून चालत नाही. दुसऱ्या दिवशी यंत्राने उरलेली थप्पी रानात पसरली, तेव्हा बाहेरून शाबूत दिसणारे गठ्ठे उलगडताना पुन्हा पेटत होते. विम्याच्या माणसाने राख उकरून वितळलेल्या काचेसारखा एक खडबडीत गोळा बाहेर काढला. गवतातली वाळू म्हणजे सिलिका क्षारांबरोबर वितळून असे गोळे होतात, आणि आग गवताच्या पोटात फार वेळ होती याची ती खूण मानतात. तो मधोमध सापडला, सावलीतल्या पट्ट्याचे गठ्ठे जिथे रचले होते त्या जागी. कारणाच्या रकान्यात स्वतःहून तापणं असं लिहिलं गेलं. कापलेल्या रानात लसूणघास पुन्हा गुडघ्याला लागला होता. दुसरी कापणी आठ-दहा दिवसांवर होती आणि ती कुठे रचायची यावर घरात वाद सुरू झाला होता.