उन्हाची साठवण

टेंभुर्णी म्हटलं की बहुतेकांना पुणे-सोलापूर रस्त्यावरचं गाव आठवतं. ही टेंभुर्णी वेगळी, जालना जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या जाफराबाद तालुक्यातली. या भागात ऊन कधी कमी पडलं नाही. ते धरून ठेवायची सोय मात्र नव्हती.

17 सप्टेंबर 1948 रोजी मराठवाडा निजामाच्या राजवटीतून सुटला, तेव्हा खेड्यातला उजेड रॉकेलचा होता. घरात चिमणी, फार तर कंदील. कराडजवळच्या ओगलेवाडीत ओगले बंधूंनी काच कारखाना काढला आणि त्यांचा 'प्रभाकर' कंदील मराठी घरांत नावाजला. प्रभाकर म्हणजे सूर्य. नाव सूर्याचं, पण आत जळायचं जमिनीतलं तेल.

शेतातलं पाणी तेव्हा मोटेचं, म्हणजे बैलांच्या वेळेचं. माणसाची आणि जनावराची झोप ठरलेली होती. मोटेच्या जागी विजेची मोटर आली आणि कष्ट हलके झाले, पण भारनियमनाच्या काळात वेळ शेतकऱ्याच्या हातून गेली. काही दिवस दिवसाची लाईट, काही दिवस रात्रीची. हरभरा-गव्हाला पाणी द्यायचं ते थंडीच्या ऐन मध्यरात्री, एका हातात फावडं आणि दुसऱ्या हातात बॅटरी धरून. पायाखाली साप असू शकतो हे ठाऊक असूनही दारं धरायला जावंच लागे. खेड्यात 'बॅटरी' या शब्दाचा पहिला अर्थ आजही हातातली बत्ती हाच आहे.

सौर कृषी पंपांनी हे चित्र पालटायला घेतलं. राज्याची 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना 2024 मध्ये सुरू झाली. सर्वसाधारण गटातल्या शेतकऱ्याने 10 टक्के रक्कम भरायची, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने 5 टक्के. पाणी दिवसा मिळू लागलं, ही या योजनेची मोठी कमाई. मात्र या पंपाला बॅटरी नसते. ऊन आहे तोवर मोटर चालते, ढग आला की धार बारीक होते. साठवण करायची ती पाण्याची. याच जिल्ह्यातल्या कडवंचीने पाणलोटाची कामं आणि शेततळी यांच्या बळावर द्राक्षबागा उभ्या केल्या. उपसलेलं पाणी शेततळ्यात सोडणं म्हणजे एका अर्थी ऊनच साठवणं. तरीही शेततळ्यातल्या पाण्यावर गोठ्यातला दिवा लागत नाही.

वीज साठवण्याचा इतिहास तसा जुना आहे. फ्रान्समध्ये गास्तों प्लांतेने 1859 साली शिशाची बॅटरी केली. इन्व्हर्टरखाली ठेवलेली, अधूनमधून डिस्टिल्ड वॉटर मागणारी बॅटरी तिचीच वंशज. 1954 मध्ये अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनचा सौर सेल जगापुढे ठेवला. त्याला नाव दिलं 'सोलर बॅटरी', पण त्यात साठत काहीच नव्हतं. ऊन पकडणं आणि ऊन साठवणं ही दोन कामं तेव्हापासून दोन वेगळ्या पेट्यांतच राहिली. त्यांना एकत्र आणायचा प्रयत्न 1976 मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेत होड्स, मनासेन आणि काहेन यांनी केला. प्रकाश झेलणारा इलेक्ट्रोड आणि साठवण करणारा इलेक्ट्रोड त्यांनी एकाच सेलमध्ये बसवले.

आता याच वाटेवर सोडियम आलं आहे. सोडियम म्हणजे मिठातला धातू.  लिथियमच्या तुलनेत सोडियम पृथ्वीवर कितीतरी मुबलक आहे. त्याच्या बॅटरीत तांब्याची पत्री लागत नाही, दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमची चालते. पुण्याच्या केपीआयटी कंपनीने डिसेंबर 2023 मध्ये सोडियम-आयन बॅटरीचं तंत्र जाहीर केलं. त्यामागे आयसर पुणे या संस्थेतलं संशोधन होतं. सोडियमचा अणू जड, म्हणून मोटारगाडीत तो लिथियमपेक्षा मागे पडतो. शेताच्या बांधावर वजनाची चिंता कोणाला? 3 अश्वशक्तीच्या पंपाची पॅनेलं सुमारे 3 किलोवॉटची असतात. स्वच्छ उन्हात ती दिवसाला 12 युनिट वीज सहज देतात. तेवढी वीज साठवायला सोडियमचे सेल साधारण एक क्विंटल लागतील, शिशाच्या बॅटऱ्या त्याच्या तिप्पट.

थेट उजेडावर भरणाऱ्या सोडियम सेलची कल्पना आणखी देखणी आहे. प्रकाश पडला की इलेक्ट्रोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात, सोडियमचे आयन पलीकडच्या बाजूला जाऊन बसतात आणि अंधार पडल्यावर परत फिरताना वीज देतात. वेगळं पॅनेल नको, चार्जर नको. अडचणीही खऱ्या आहेत. प्रकाश झेलणारी द्रव्यं उजेडातच झिजतात, भरलेली वीज अंधारात आतल्या आत जिरते. शिवाय मराठवाड्याच्या मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो. सावलीत जपायची बॅटरी त्या दिवसांत भर उन्हात ठेवायची, हे मोठंच आव्हान आहे. म्हणून हे सेल अजून प्रयोगशाळेच्या टेबलावरच आहेत.

टेंभुर्णीसारख्या गावांनी त्यांच्यासाठी थांबायचं कारण नाही. विहीर आटली, पीक निघालं की सौर पंप बंद पडून राहतो आणि पॅनेलं नुसती ऊन खात उभी असतात. त्या पॅनेलांमागे आधी सोडियमची साधी बॅटरी जोडली जावी. गोठ्यातला दिवा, कडबाकुट्टी आणि मुलांच्या अभ्यासाचा उजेड एवढं त्यावर निभावेल. सौर पंपाच्या पुढच्या योजनेत या बॅटरीची तरतूद सरकारने करावी.